तांब्याचे कुसळ

मित्रांनो, मी जुने आहे, पण बिघडलेले नाही. एवढे आधीच सांगून ठेवते, कारण घरातले तसे म्हणत नाहीत.

मी कोरकाम करणारे यंत्र; टेबलावर मावेल एवढे माझे अंग. तीन मोटारी, एक सपाट पाट आणि गरगर फिरणारे सुईसारखे बिट. तांब्याचा पातळ थर चढवलेला बोर्ड माझ्या पाटावर चिकटवतात. मी नको असलेले तांबे कोरून काढते; उरलेल्या तांब्याच्या वाटांवरून वीज धावते. असा तयार होतो सर्किट बोर्ड.

प्रयोगशाळेत नोकरी करणाऱ्या एका मुलीने मला विकत घेतले. घराच्या पुढच्या खोलीत तिच्या थोरल्या भावाचे दुरुस्तीचे दुकान होते, तिथे मला जागा मिळाली. बाजारात न मिळणारे बोर्ड मी सात वर्षे कोरले. गिऱ्हाइके वाकून बघत. भाऊ छाती फुगवून सांगे, "आमच्या घरचं आहे!"

माझा एक नेम आहे. बोर्ड कितीही सपाट दिसला, तरी त्यात केसाएवढा चढउतार असतोच, आणि मला कोरायचे असते तेही केसाएवढेच खोल. म्हणून आधी मी बिट न फिरवता त्याचे टोक बोर्डावर ठिकठिकाणी टेकवते आणि उंचसखल ध्यानात ठेवते. वीस मिनिटे लागतात. भाऊ वैतागे. "कोंबडी बरी. टोचते तेव्हा दाणा तरी उचलते."

मग त्यांच्या वडिलांना, अण्णांना, अर्धांगवायू झाला. वाचा गेली. दोन्ही हातांत मिळून एक बोट तेवढे हले, तेही जेमतेम. साधी घंटा दाबण्याइतका जोर त्यात नव्हता, म्हणून मुलीने नुसत्या स्पर्शाने वाजणारी घंटा आखली. कामावर निघताना ती म्हणाली, "दादा, बोर्ड लावलाय. टोचणं पूर्ण होऊ दे हं. आणि नंतर भिंगातून बघ."

"बरं बरं, शास्त्रीणबाई! मी काय आज दुकान उघडलंय?"

तिची पाठ वळताच त्याने टोचणे रद्द केले आणि मला थेट कोरायला लावले. यंत्राला नाही म्हणता येत नाही, मित्रांनो. एका कोपऱ्यात बोर्ड सखल होता. बिट तिथे वरवर घासून गेले आणि दोन वाटांच्या मध्ये तांब्याचे एक कुसळ लोंबत राहिले. भावाने भिंग उचलले नाही. सुटे भाग जोडले, बोट लावले, घंटा वाजली.

"बघा अण्णा, आता बसल्या जागी हुकूम सोडायचा!"

मग त्याने बोर्ड पेटीत घालून स्क्रू आवळले. त्या दाबाने कुसळ आडवे पडले, दोन वाटा जुळल्या आणि घंटा मुकी झाली. बंद केलेली पेटी त्याने पुन्हा वाजवून पाहिली नाही.

दुपारी तो गिऱ्हाइकाशी गप्पा मारत असताना आतल्या खोलीत अण्णांना तहान लागली. ते बोट लावत राहिले. शेवटी पेल्याकडे वळायला गेले आणि पलंगावरून पडले. खुब्याचे हाड मोडले.

संध्याकाळी मुलीने माझ्या शेजारी बसून पेटी उघडली. भिंगाखाली कुसळ दिसले. माझ्या पडद्यावर उंचसखलाची नोंद कोरी होती, तीही तिने पाहिली.

"मशीनच भंगार झालंय गं," भाऊ म्हणाला. "मी तरी काय करणार?" हे म्हणताना त्याने ना तिच्याकडे पाहिले, ना माझ्याकडे.

तिने माझा पडदा बंद केला. मग म्हणाली, "हो रे दादा. जुनंच झालंय ते."

भाऊ उन्मळून पडू नये म्हणून ती खोटे बोलली. मला कळते. पण कळले म्हणून कडू गोड होत नाही.

आता मी माळ्यावर आहे. खाली नवे यंत्र आले आहे. काल अण्णांची दुसरी घंटा त्यावर कोरली. मी कान देऊन ऐकत होते. भावाने बोर्ड चिकटवला आणि एकदाही न टोचता बिट फिरू लागले.

मित्रांनो, आम्हाला तेल घाला, पुसा, झाकून ठेवा; पण तेवढ्यानेच काळजी घेतली असे होत नाही. दोष आमच्या माथी मारलात तरी आमचे काही जात नाही. आम्ही माळ्यावर जातो. चूक मात्र घरातच राहते, आणि तिच्याच भरवशावर एक म्हातारे बोट पुन्हा हाक मारणार असते.