इंजिन थंड होईपर्यंत

मृणालिनीने लाल ट्रॅक्टरच्या इंजिनाला हात लावला आणि चटका बसून लगेच मागे घेतला. "हे आधीच चालू करून ठेवलंय."

यार्डचा मालक तिच्याकडे न बघता तिच्या नवऱ्याला, शैलेंद्रला, म्हणाला, "सर, आपके लिए सुबह से रेडी रखा है."

शारजाबाहेरच्या त्या जुन्या मशिनरीच्या यार्डात पाऊल टाकल्यापासून तो सगळं शैलेंद्रलाच सांगत होता. शैलेंद्र दुबईच्या सिलिकॉन ओएसिसमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर विकायचा. गाडीचं टायर पंक्चर झालं तरी माणूस बोलवायचा. पण मान मात्र अशी डोलवत होता, जणू जन्मभर ट्रॅक्टरच पारखत आलाय.

ट्रॅक्टर हवा होता मृणालिनीला. धैदजवळ हम्माद नावाच्या एमिराती गृहस्थांची खजुराची बाग होती. तिच्यामागची दीड एकर जागा कसायला घेऊन तिला वर्ष झालं होतं. तिची मेथी, शेपू, गवार शारजाच्या रोल्ला भागातल्या दोन दुकानांत जायची. नांगरट भाड्याच्या मोठ्या डिझेल ट्रॅक्टरवर चाले, आणि तो दर खेपेला ठिबकच्या नळ्या चिरडून जाई. सगळ्यांचं म्हणणं एकच, नवा डिझेल घे. तिला मात्र जुना पेट्रोलचा हवा होता. वजनाला हलका, झाडांखालून जाईल इतका बुटका. "आणि बिघडला तर मी स्वतः उघडू शकते," असं ती म्हणाली, तेव्हा घरात सगळे हसले होते. लग्नाआधी चार वर्षं तिने मिरजेच्या पॉलिटेक्निकमध्ये मुलांना इंजिनं उघडायला शिकवलं होतं, हे कुणाच्या लक्षातही नव्हतं.

सोबतीला तिने दगडूला आणलं होतं. तो पाटणकडचा, दुबईत मुहैस्नाहच्या कामगार कॅम्पात राहणारा, साइटवरची मशिनं दुरुस्त करणारा. सुट्टी मोडून आला होता.

"ताई, गरम असताना कुठलंबी इंजिन चालू हुतंय," तो हळूच म्हणाला.

"तू कौन? ड्रायव्हर?" मालक खेकसला. दगडू दोन पावलं मागे सरला.

"ये मेरे मेकॅनिक हैं," मृणालिनीचा आवाज चढला. "बात इनसे कीजिए, नहीं तो मुझसे. सर को कुछ नहीं पता."

शैलेंद्रचे कान लाल झाले.

"एक कुर्सी दीजिए. इंजन ठंडा होने तक मैं यहीं बैठूँगी."

"मृणाल, तीन-चार तास लागतील! चारला माझा रियाधचा कॉल आहे."

"मग तू जा."

"आणि तू?"

"टॅक्सीने येईन."

तो खरंच गेला. प्लास्टिकच्या खुर्चीत बसून ती घामाघूम होत राहिली. लेकीचा, शुभ्राचा, फोन आला. "ममा, यू आर सिटिंग इन अ स्क्रॅपयार्ड? आर यू सीरियस?"

"एकदम सिरियस," म्हणून तिने फोन ठेवला.

मालकाने दोनदा चहा पाठवला, तिसऱ्यांदा स्वतः आला. "मॅडम, कल आइए ना."

"कल आप फिर गरम करके रखेंगे."

साडेतीनला इंजिन गार पडलं. दगडूने तेल तपासायची डिपस्टिक ओढली आणि तिच्यापुढे धरली. तेल दुधाच्या चहासारखं झालं होतं. म्हणजे तेलात पाणी उतरत होतं. वरचा लाल रंग तेवढा नवा.

"खलास. ये नहीं चाहिए," ती म्हणाली. "वो पीछेवाला दिखाइए."

पत्र्याच्या शेडमागे एक करडा, फाटक्या सीटचा ट्रॅक्टर उभा होता. बसल्या बसल्या तिची नजर तासभर त्याच्यावरच होती.

"वो? वो तो पुर्ज़ों के लिए रखा है!"

"दिखाइए तो."

त्याचं तेल काळं होतं, पण त्यात पाणी नव्हतं. तिने ओढणी कमरेला खोचली, प्लग काढले, ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटवरचा गंज पॉलिश पेपरने घासला. बोटांना सगळं आपोआप आठवत गेलं. लाल ट्रॅक्टरची बॅटरी दगडूने इकडे जोडली. दोनदा इंजिन नुसतंच कण्हलं. तिसऱ्यांदा खोकलं, थरथरलं आणि एका लयीत चालू लागलं. दगडूने नांगर जोडायच्या मागच्या दांड्यांना सिमेंटचा ठोकळा टांगला, वर उचलला, इंजिन बंद केलं. पाव तासात ठोकळा बोटभरही खाली आला नाही.

"हायड्रॉलिक एक नंबर, ताई. पण डावा ब्रेक पार गेलाय."

"तो मी करीन."

मालकाने कागद काढले. "सर को बुला लीजिए, साइन के लिए."

"साइन मी करणार," ती मराठीतच म्हणाली. "नाव माझं, ट्रॅक्टर माझा." भाषा कळली नसली तरी त्याने पेन तिच्या हातात दिलं.

पुढच्या शनिवारी शैलेंद्र शेतावर आला, तेव्हा ती ट्रॅक्टरखाली उताणी पडून ब्रेक बसवत होती.

"साइन करण्याआधी मला एक फोन तरी करायचास," तो म्हणाला.

"कशासाठी?"

ती बाहेर आली, ग्रीसचे हात सलवारीला पुसले आणि सीटवर चढली. नांगराचं पहिलं तास वाकडंतिकडं गेलं. बांधावर उभे असलेले हम्माद हसले, तशी तिने वळून त्यांच्याकडे रोखून पाहिलं, गिअर टाकला आणि दुसरं तास धरलं.