टेबलाखाली वीस वेळा

आमच्या गल्लीत मला सगळे 'डॉक्टर' म्हणतात. त्यात कौतुक किती आणि टिंगल किती, हे मी कधी खोदून विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत आहे. दुकानाच्या पाटीवर 'पेनांचा दवाखाना' असं लिहिलंय, तो माझाच आगाऊपणा. दुकान म्हणजे एक काउंटर, एक दिवा, निबांची सोळा खणांची पेटी आणि माझं पोट. एवढ्यानेच ते भरतं. लोक तुंबलेली पेनं घेऊन येतात. मी ती कोमट पाण्यात बुडवतो, निबेचे फाकलेले दात चिमट्याने सरळ करतो आणि वर पाच मिनिटं भाषण देतो. भाषण कुणी मागितलेलं नसतं.

असल्या माणसाच्या घरात विज्ञान शिकणारी मुलगी असू नये. माझ्या घरात आहे. माझी लेक थेंबांचा अभ्यास करते, म्हणजे दोन थेंब जवळ आले की त्यांचा एक कसा होतो, हे बघते. दोन वर्षं ती हेच बघतेय, आणि तिची आई दोन वर्षं लोकांना "ती विज्ञानात आहे" एवढंच सांगून वेळ मारून नेतेय.

एक दिवस जेवताना लेकीने सांगितलं की तिला एका खास विमानात जागा मिळाली आहे. ते विमान उंच चढतं, मग सूर मारून खाली येतं, आणि त्या वीसेक सेकंदांत आतल्या माणसांना आणि वस्तूंना वजनच राहत नाही, सगळं तरंगतं. असं पंधरा वेळा करणार होते. दर वेळी डबीतले दोन थेंब एक व्हायला किती वेळ लागला आणि तेव्हा तापमान किती होतं, ते तिने कागदावर हाताने लिहायचं होतं. पंधरापैकी निदान दहा ओळी तरी नीट वाचता यायला हव्यात, नाहीतर तिच्या मॅडम प्रबंध पुढे जाऊ देणार नव्हत्या. अशी जागा पुन्हा मिळण्याची आशा नव्हती.

पेन्सिल चालणार नाही, असं ती सहज बोलता बोलता म्हणाली. शिसं मोडलं की तुकडे तरंगत यंत्रात जातात, डोळ्यांत जातात. शाईचं पेन विमानात गळतं. मग साधं बॉलपेन नेते, चालतं ते.

मी हातातला घास खाली ठेवला. बॉलपेन चालतं? वजन नसेल तर शाई खाली येणार कशी? तिने समजावायला सुरुवात केली, पण मी ऐकतोय होय. तीस वर्षं शाई खाली येताना बघितलेला माणूस मी. मी माझं पाच मिनिटांचं भाषण घरच्या गिऱ्हाइकाला दहा मिनिटांचं करून दिलं. तिने मध्ये एकदा तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मिटलं. मला वाटलं, पटलं तिला.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागलो. विचार सरळ होता. शाई आपण होऊन येणार नसेल तर तिला मागून ढकलायचं. जाड रिफिल घ्यायची, मागच्या बाजूने सायकलच्या पंपाने हवा भरायची आणि तोंड लाखेने बंद करायचं. पहिल्या तीन रिफिली फुटल्या. चौथी फुटली ती पडद्यावर, आणि तो पडदा नवा होता. बायकोने तो पडदा काढून माझ्या अंथरुणावर टाकला. पाचवी टिकली.

आता चाचणी. आमच्या धंद्यात पेनाची खरी परीक्षा घ्यायची तर ते उलटं धरून लिहितात. नीब किंवा बॉल वर, शाई खाली. उलटं चाललं तर ते कुठेही चालतं, असं आम्ही छातीठोकपणे सांगतो. मी जेवणाच्या टेबलाच्या खालच्या बाजूला कागद चिकटवला, जमिनीवर उताणा पडलो आणि लिहू लागलो. साधं बॉलपेन तीन ओळींत गप्प झालं. माझं सुरूच राहिलं. पेन हातात आलं की आधी दोन वेटोळी काढायची ही माझी सवय, तर त्या कागदावर वेटोळ्यांची जत्रा भरली. असं मी वीस वेळा केलं. बायको जाता-येता टेबलाबाहेर आलेले माझे पाय ओलांडत होती. एकदा वाकून म्हणाली, अहो, मुक्काम तिथेच असेल तर उशी देते.

निघायच्या आदल्या दिवशी मी ते पेन लेकीच्या हातात दिलं. तिने फिरवून फिरवून बघितलं. मग एकच गोष्ट विचारली.

"बाबा, विमानात हवेचा दाब कमी असतो. कमी दाबात तपासलंय ना हे?"

खरं सांगतो, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. पण वडील आणि डॉक्टर अशा दोन्ही खुर्च्यांवर बसलेल्या माणसाला 'नाही' म्हणता येत नाही.

"वीस वेळा," मी म्हणालो.

वीस हा आकडा खरा होता. त्यावरच मी माझी समजूत घातली. वर आणखी एक शहाणपण केलं. ही पोरगी सवयीने साधं पेन काढेल आणि कागद कोरा आणेल, या काळजीने मी ती आंघोळीला गेल्यावर तिच्या पिशवीतली तीन बॉलपेनं काढून माझ्या खिशात टाकली. कुणाला सांगितलं नाही.

एक पेन मात्र माझ्या नजरेतून सुटलं. लेकीला अंबाड्यात पेन खोचायची खोड आहे. तेही कुठलं, तर दुकानाचं नाव छापलेलं, गिऱ्हाइकांना फुकट वाटायचं ते. गठ्ठ्याने येतं. मी त्याला पेनांत धरतच नाही. डोक्यात हे मिरवून माझी लाज काढू नकोस, असं मी तिला शंभरदा सांगितलंय.

तीन दिवसांनी ती परत आली. बोटं निळी, चेहरा उतरलेला. पिशवी ठेवली, टेबलाशी बसली आणि काय झालं ते आम्हाला सांगितलं.

पहिल्या चार फेऱ्यांत माझं पेन लिहीत होतं, जरा जास्तच लिहीत होतं. बाहेर हवेचा दाब कमी झाल्याबरोबर आत कोंडलेली हवा शाईला रेटू लागली. चौथ्या फेरीत टोकावर शाईचा गोळा जमला. वजन नसल्यामुळे तो पडेना, नुसता फुगत गेला, चांगला बोराएवढा झाला. ती त्याच्याकडे बघतच राहिली. थेंबांचीच विद्यार्थिनी ती, तिला तेवढ्यातही तो देखणा वाटला म्हणे. मग विमान सावरलं, अंगावर दुप्पट वजन आलं आणि तो गोळा थेट कागदावर. चारही ओळी गेल्या. रुमालाने टिपायला गेली तर आणखी पसरला. पिशवीत हात घातला, तर तीनही पेनं नाहीत. हातात गळकं पेन, पाचवी फेरी तोंडावर, आणि पिशवीत शोधाशोध करताना सैल झालेला अंबाडा वजन जाताच सुटला. केस वर गेले आणि त्यातलं फुकटचं पेन तिच्या नाकासमोर येऊन गोल गोल फिरू लागलं. 'पेनांचा दवाखाना', 'पेनांचा दवाखाना', असं.

तिने ते पकडलं आणि उरलेल्या अकरा ओळी लिहिल्या. एकदाही अडलं नाही.

दहाला अकरा. म्हणजे एका ओळीने वाचली.

मग तिने मला समजावलं, तेच, जे जेवताना सांगायला निघाली होती. उलटं लिहिणं वेगळं आणि वजन नसणं वेगळं. पेन उलटं धरलं की शाई बॉलपासून दूर, खाली ओढली जाते. वजनच नसेल तर ती कुठेच ओढली जात नाही. बॉलला चिकटून असते, बॉल फिरला की कागदावर येते. ढकलायची गरजच नसते. दोन वाक्यांचं काम. मी दोन वाक्यांची सुद्धा संधी दिली नव्हती.

कागदावर डाग का पडला, याचा खुलासा मॅडमना लेखी द्यायचा होता. तो तिने लिहून टेबलावर ठेवला होता. मी चष्मा लावून वाचला. 'पेन स्वतः न तपासता वापरले. चूक माझी.' खाली तिची सही.

"तुला माहीत होतं ना, साधं पेन चालतं म्हणून?" मी विचारलं. "मग माझं का नेलंस?"

ती सरळपणे म्हणाली, "तुम्ही वीस वेळा म्हणालात ना."

रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं.

मी टेबलाकडे बघितलं. त्याच्या खाली तो कागद अजून चिकटलेला होता. ओणवा होऊन तो काढला आणि तिच्यापुढे ठेवला. वीस ओळी वेटोळी.

"वीस वेळा ते इथे," मी म्हणालो. "कमी दाबात एकदाही नाही. आणि तुझी पेनं पण मीच काढली."

मला तेव्हा माझी इतकी शरम वाटली की दुकानाची पाटी उतरवून टाकावी असं वाटलं. मग लेकीने खुलाशाचा कागद माझ्याकडे सरकवला, अंबाड्यातलं पेन काढलं आणि माझ्या हातात दिलं.

मी आधी वेटोळी काढली नाहीत. ते पेन अकरा वेळा तपासून झालं होतं, तेही वर. मी लिहिलं, की पेन मी बनवलं, ते कमी दाबात तपासलं नव्हतं, तपासलंय असं खोटं सांगितलं आणि तिची चांगली पेनं काढून घेतली. खाली सही केली आणि सहीखाली 'पेन दुरुस्त करणारा' असं लिहायला घेतलं.

तिने माझं मनगट धरलं.

"तिथे 'वडील' लिहा," ती म्हणाली. "मॅडम विचारतील, तू या माणसाचं ऐकलंस कसं."

मी लिहिलं. पेन कुठेही अडलं नाही. त्या तीन अक्षरांना वेळ लागला तो मलाच.