निरंजनाबेनच्या दारातली हातगाडी

नडियादच्या मोगरा खडकीत चौदा घरं, समोरासमोर दोन रांगा आणि बाहेर पडायला एकच दरवाजा. कोणाच्या घरी आमटीला फोडणी काय पडली हे बाकीच्या तेराही घरांना कळतं. अशा खडकीत निरंजनाबेन महिला मंडळाच्या चिटणीस होत्या, आणि ते काम त्या मनापासून करत.

त्या मंगळवारी दुपारी चारला त्यांनी मंडळाच्या ग्रुपवर आपल्या आवाजात एक निरोप टाकला. दोन दिवसांपासून करोनामुळे बंदची कुजबुज चालू होती आणि बाया पिशव्या घेऊन पळायच्या बेतात होत्या. "बहिणींनो, घाई करू नका. दुकानं उघडीच राहणार आहेत. आपण भरलं तर गरिबाला उरत नाही. शांतपणे घरी बसा," असं त्या म्हणाल्या. निरोप त्यांनी स्वतःच दोनदा ऐकला. चांगला झाला होता.

रात्री आठला टीव्हीवर भाषण झालं. एकवीस दिवस सगळं बंद. भाषण संपायच्या आधीच बाजारात धावाधाव सुरू झाली. निरंजनाबेन अर्धा तास झोपाळ्यावर धीरानं बसल्या. मग नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, ऐकता का? जरा ठाकोरभाईंकडे जाऊन या. चहा, दोन किलो साखर आणि काड्यापेट्या. बाजारामागच्या गल्लीनं जा. आणि पिशवी सदऱ्याच्या आत धरा."

"म्हणजे मी घाई करू?" जयवदनभाईंनी विचारलं. हायस्कुलात चौतीस वर्षं चित्रकला शिकवून ते निवृत्त झाले होते, आणि बायकोचे निरोप ते लक्ष देऊन ऐकत.

"घाई नाही. भरभर चाला."

ते गेले, आणि तासाभरानं आले ते भर रस्त्यानं. पाठोपाठ दोन हमाल हातगाडी ढकलत होते. गाडीवर तेलाचे बारा डबे, साखरेची तीन पोती, कणीक, बेसन, गूळ आणि तुपाचं चौकोनी पिंप. गाडीचं एक चाक किरकिरत होतं, त्यामुळे ज्यांनी पाहिलं नसतं तेही सज्जात आले.

झालं होतं ते असं. मुलीचं, ख्यातीचं, भरूचच्या पार्थिवशी लग्न अक्षयतृतीयेला ठरलं होतं. साडेसहाशे पानांचा शिधा ठाकोरभाईंनी आधीच गोदामात बाजूला काढून ठेवला होता. त्या गर्दीत मास्तर दिसताच ते ओरडले, "मास्तर, तुमचा माल आत्ताच्या आत्ता उचला. उद्या दुकान उघडू देतात की नाही देव जाणे, आणि लोक तर आजच गोदामात शिरतायत." जयवदनभाईंना कोणाला नाही म्हणता येत नसे. त्यांनी माल उचलला.

"आणि चहा?" निरंजनाबेननी विचारलं.

जयवदनभाईंनी कपाळाला हात लावला.

दहा मिनिटांत मंडळाच्या ग्रुपवर गाडीचा फोटो आला, नेमका निरंजनाबेनच्या दुपारच्या निरोपाखाली. कोणी काही लिहिलं नाही. फक्त एकीनं हात जोडल्याचं चित्र टाकलं.

निरंजनाबेनना बाकी कोणाचं काही वाटलं नसतं, पण समोरच्या घरात कुंदनबेन राहत. तीस वर्षांचा शेजार. दोघींची बाळंतपणं एका वर्षातली, पापड एका गच्चीवर वाळलेले. कुंदनबेन दुपारी पिशवी घेऊन निघाल्या होत्या. निरोप ऐकला आणि चपला काढून ठेवल्या. रात्री तासभर रांगेत उभं राहून त्या रिकाम्या पिशवीनं परतल्या, तर गाडी त्यांच्याच दारावरून पुढे गेली.

सकाळी निरंजनाबेन साखरेचा डबा घेऊन समोर गेल्या. कुंदनबेननी दार अर्धंच उघडलं.

"कुंदन, ते लग्नाचं सामान आहे गं. तुला माहीत नाही का?"

"मला एवढंच माहीत की तू म्हणालीस बस, आणि मी बसले."

"हे घे तरी."

"राहू दे. ज्यांनी वेळेवर भरलं त्यांनी गोड खावं. आम्हाला तसंही डॉक्टरांनी साखर कमी सांगितलीय." आणि दार लागलं.

घरात आणखी एक अडचण होती, आणि ती पडवीत खाट टाकून झोपत असे. देवकिशन महाराज. डुंगरपूरकडचा हा लग्नाचा आचारी शनिवारी एका धोतरावर आला होता. शिध्याची यादी द्यायची, चुलखंड कुठे खणायचं ते पाहायचं आणि रविवारच्या गाडीनं परत जायचं. रविवारी सगळा गाव बंद, सोमवारी गाड्या बंद, आणि आता देशच बंद. पन्नाशीचा, मितभाषी माणूस. फुकट बसून खाणं त्याला जड जाई, म्हणून बुधवारी त्यानं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं.

"बेन, तुम्ही बसा. चार माणसांचं काय ते."

पण चार माणसांचं कसं करतात हेच त्याला ठाऊक नव्हतं. बारा वर्षांचा असल्यापासून त्यानं पाचशेच्या खाली रांधलं नव्हतं. मोजायला वाटी दिली की तो ती बाजूला सारी. मीठ तो मुठीनंच टाकी, आणि मग मिठाला पुरेल इतकी डाळ वाढवत जाई. पहिल्याच दिवशी कढी तीन पातेल्यांत भरून उरली.

"महाराज, ही कढी आम्ही प्यायची की तिच्यात पोहायचं?" ख्यातीनं विचारलं.

"बेटा, कमीच केलीय."

ख्यातीनं वाट्या भरल्या आणि शेजारी विचारून आली. तशीच परतली. परगावचा, रेल्वेनं आलेला माणूस, त्याच्या हातचं आत्ता कोण खाणार? एकीनं तर दुरूनच सांगितलं की बाई, आमच्याकडे आज सगळ्यांचे उपास आहेत. बुधवारी कढी, गुरुवारी खिचडी, शुक्रवारी सकाळी पुन्हा तीच खिचडी ढोकळा होऊन आली. जयवदनभाई ताटातलं सगळं संपवत होते, पण त्यांनी पायजम्याची नाडी दोन बोटं सैल केली होती.

शुक्रवारी दहाच्या सुमारास खडकीच्या दरवाजात पोलिसांची जीप थांबली. तोंडाला रुमाल बांधलेले जमादार परबतसिंह थेट निरंजनाबेनच्या ओट्यापाशी आले.

"हेल्पलाईनवर तक्रार आहे. साठेबाजीची. आत पाहावं लागेल."

खडकीतल्या सगळ्या खिडक्या किंचित उघडल्या. निरंजनाबेनचे कान तापले. आयुष्यात त्यांच्या दारी पोलीस आले होते ते एकदाच, पासपोर्टाच्या चौकशीला, आणि तेव्हा त्यांनी त्यांना सरबत दिलं होतं.

जमादारांनी माजघरात रचलेले डबे पाहिले, पोती पाहिली. जयवदनभाईंनी लग्नपत्रिकांचा गठ्ठा पुढे केला. वरची पत्रिका गणपतीच्या नावाची होती, हळदकुंकू लावलेली. जमादारांनी ती पूर्ण वाचली, अगदी आते-मामांच्या नावांसकट.

"सव्वीस एप्रिल," ते म्हणाले. "तोवर होईल सगळं सुरळीत, वाटतं तुम्हाला?"

या घरात तीन दिवस हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. निरंजनाबेननी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं छताकडे.

"नाही होणार," ख्याती म्हणाली. "सव्वीसला नाही होणार, पप्पा. मला आणि पार्थिवला मंगळवारीच कळलं होतं. तुम्हाला कसं सांगायचं ते कळत नव्हतं."

निरंजनाबेन वेताच्या मोड्यावर बसल्या. रडू येईल असं त्यांना वाटलं, पण आलं नाही. उलट तीन दिवस डोक्यावर धरलेलं काहीतरी खाली ठेवल्यासारखं झालं.

जमादारांनी पत्रिका जपून गठ्ठ्यावर ठेवली. "तक्रारीत काही दम नाही, तसं लिहितो मी. पण बेन, खरं सांगू? दोन रात्री हायवेवर आहे. सुरतेकडून माणसं चालत येतायत. बायका-पोरांसकट, डोक्यावर बोचकी. डुंगरपूर, बांसवाड्याला निघालीत. आम्ही बिस्किटं वाटली, ती कालच संपली."

पडवीतून महाराज उठून दाराशी आला. "कुठली म्हणालात, साहेब?"

"डुंगरपूर, बांसवाडा."

 महाराज निरंजनाबेनकडे पाहत राहिला, आणि आपण कोणाच्या घरात आहोत याची आठवण झाल्यासारखं त्यानं नजर खाली घातली.

निरंजनाबेननी डब्यांकडे पाहिलं. त्यातला एकेक डबा त्यांनी मनात कुठल्या ना कुठल्या पंगतीला लावलेला होता. हा मोहनथाळाचा, हा पुऱ्यांचा, हा व्याह्यांच्या न्याहारीचा. मग त्या उठल्या.

"महाराज, संध्याकाळपर्यंत किती जणांचं होईल?"

"चारशेंचं," महाराज म्हणाला. त्या घरात आल्यापासून त्याला पहिल्यांदा कोणी समजेल असं विचारलं होतं. "बटाट्याची भाजी आणि गुळाची सुखडी माझ्याकडे. सुखडी वाटेत टिकते. पण पुऱ्या लाटायला हात हवेत. तीन माणसांत चारशेंच्या पुऱ्या होत नाहीत, बेन."

"पास मी देतो, जीपही देतो," जमादार म्हणाले. "पाचला येतो."

हात हवे होते, आणि हात समोरच्या खिडक्यांत होते. निरंजनाबेननी फोन घेतला आणि जिन्याखाली जाऊन बसल्या. बोलल्या, पुसलं. पुन्हा बोलल्या, पुन्हा पुसलं. पाचव्या वेळी जे झालं ते तसंच पाठवून दिलं.

"मी निरंजना बोलते. मंगळवारी मी तुम्हाला थांबवलं आणि माझ्या दारात गाडी आली. सामान लग्नाचं होतं, पण तुमच्यापैकी कोणाच्या घरी साखर राहिली नाही ती माझ्यामुळे, हे खरंच आहे. ज्यांना हवी त्यांनी डबा पाठवा. लग्न काही आत्ता होत नाही. हायवेवर माणसं उपाशी चालतायत, त्यांच्यासाठी आज आमच्याकडे रांधतोय. पुऱ्या लाटायला लाटणी हवीत. आपापल्या घरी बसून लाटा, कणीक मी पोचवते. नाही आलात तरी मी रागावणार नाही. मला तो हक्क नाही."

ख्यातीनं परात मांडली. महाराजानं कणीक भिजवायला घेतली, पहिल्यांदाच मनासारखी, कोपरापर्यंत हात बुडवून. निरंजनाबेन ओट्यावर आल्या. खडकीत चिटपाखरू नव्हतं. पाच मिनिटं गेली. कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

मग समोरचं दार उघडलं. कुंदनबेन पोळपाट-लाटणं घेऊन बाहेर आल्या आणि आपल्याच ओट्यावर मांडी घालून बसल्या.

"कणीक इकडे दे," त्या म्हणाल्या. "मी तिकडे येणार नाही. सरकारनं अंतर ठेवायला सांगितलंय."

त्यांच्यामागून दुसरं दार उघडलं, मग तिसरं. उपासवाली बाईसुद्धा आली. तासाभरात अकरा ओट्यांवर लाटणी चालू झाली आणि जयवदनभाई रुमाल बांधून, परात डोक्यावर घेऊन या ओट्यावरून त्या ओट्यावर फिरू लागले. कोणाच्या पुऱ्या गोल आणि कोणाच्या नकाशासारख्या, हे पाहताना त्यांचा चेहरा चित्रकला शिक्षकाचाच होता.

"मास्तर, गुण किती देता ते सांगा तरी," तिसऱ्या ओट्यावरून आवाज आला.

"तळल्यावर सगळ्या पास होतात," ते म्हणाले.

पाचला जीप आली. महाराज आणि जयवदनभाई भांडी घेऊन हायवेवर गेले. जयवदनभाई परतले तेव्हा दिवेलागण झाली होती. ते ओट्यावर बसले आणि बराच वेळ पाणी पीत राहिले.

"एका म्हाताऱ्यानं दोनच पुऱ्या घेतल्या," ते म्हणाले. "म्हटलं, घ्या की आणखी. तर म्हणाला, मागून खूप लोक येतायत."

निरंजनाबेननी इकडेतिकडे पाहिलं. "महाराज?"

"त्याच्या शेजारच्या गावची माणसं भेटली. बोलत उभा होता. गेला असेल त्यांच्याबरोबर. मी काय अडवणार?"

पण महाराज आला, पाठीमागून, दोन रिकाम्या परातींसह. निरंजनाबेननी विचारलं, "गावाला नाही गेलात?"

"म्हणाली ती माणसं, चल म्हणून," तो हात धूत म्हणाला. "मी म्हटलं, उद्या मागची टोळी आली तर तिला जेवायला कोण घालेल? घरी फोन केलाय. बायको म्हणाली, तिथंच बरा आहेस."

दोन दिवसांनी हद्दी बंद झाल्या आणि चालणारी माणसं एका शाळेत थांबवली गेली. मोगरा खडकीतून त्यांना रोज एक वेळचं जेवण जाऊ लागलं. लग्नाचं तेल संपलं तसं दुसऱ्या घरांतून डबे येऊ लागले. ज्या घरी चार किलो लपवलेले होते त्यांनी दोन बाहेर काढले. ठाकोरभाईंनी अखेर चहा पाठवला.

एका दुपारी कुंदनबेन समोरून लाटता लाटता म्हणाल्या, "निरू, तुला एक सांगायचंय. तक्रार मी केली होती."

निरंजनाबेनचं लाटणं थांबलं. समोरच्या ओट्यावर कुंदनबेन मान खाली घालून एकच पुरी लाटत होत्या, आणि ती पुरी पोळीएवढी झाली होती.

"हेल्पलाईन लागली तुला?" निरंजनाबेननी विचारलं.

"म्हणजे?"

"मी गॅससाठी सहा दिवस लावतेय. एंगेज. तुला कशी लागली?"

कुंदनबेननी वर पाहिलं. "पहाटे साडेपाचला लाव. लगेच उचलतात."

"बरं," निरंजनाबेन म्हणाल्या, आणि पुढची लाटी घेतली. राग आला नव्हता असं नाही. रात्री त्यांनी तो जयवदनभाईंजवळ पुरेपूर काढला, आणि सकाळी साडेपाचला फोन लावला. लगेच लागला.

अक्षयतृतीया आली आणि गेली. मांडव नव्हता, सनई नव्हती. पार्थिवनं भरूचहून व्हिडिओ कॉल केला तेव्हा ख्याती कणकेच्या हातांनी कोपरानं फोन धरून बोलत होती, आणि तो म्हणत होता की कॅमेऱ्यात फक्त तुझा कान दिसतोय. मे महिन्यात महाराजाला बसचा परवाना मिळाला. निरंजनाबेननी त्याला नवं धोतर दिलं, आणि सगळी खडकी ओट्यांवर उभी राहिली.

लग्न जूनमध्ये झालं, आधी ठरलेल्या शाळेच्या पटांगणाऐवजी खडकीत, परवानगीच्या पन्नास माणसांत. वराकडची वीस बाहेरून आली. बाकीची मोजायची गरजच पडली नाही, कारण ती आपापल्या सज्जांत होती, आणि सज्जात उभं राहायला परवानगी लागत नाही. अक्षता वरून पडत होत्या. कुंदनबेननी एवढा नेम धरून टाकल्या की निम्म्या भटजींच्या पोथीत गेल्या, आणि त्यांना पानं झटकत मंत्र म्हणावे लागले.