हळदीच्या पडद्यावर हरवलेली लाल चौकट

मी चौकट बोलतेय. संगणकावरच्या शीटमधली, नखाएवढी, लालभडक चौकट.

तुम्ही मला कधी पाहिलं असेल तर नीट पाहिलं नसेल. शीट उघडली की लोक शेवटच्या ओळीची बेरीज बघतात आणि बंद करतात. माझी बेरीज होत नाही. माझ्या डावीकडे लिहिलंय, ‘तळणवाडी, बौद्ध वस्ती, हातपंप’. माझ्या पोटात पाण्यातल्या नायट्रेटचा आकडा आहे. पिण्याच्या पाण्यात जेवढं नायट्रेट चालतं त्याच्या दुपटीहून तो जास्त आहे, म्हणून मी लाल. म्हणजे हे पाणी पिऊ नका. तान्ह्या लेकराला तर मुळीच देऊ नका. एवढंच माझं आयुष्य आणि एवढंच माझं काम.

माझा जन्म हिंगोलीतला. मार्केट यार्डाच्या वाटेवर एका संस्थेचं ऑफिस आहे. खाली हळदीचं गोदाम, वर आम्ही. जिन्यावर, फाईलींवर, पंख्याच्या पात्यांवर, कीबोर्डच्या फटींत हळद बसलेली. इथे पांढरा शर्ट घालून आलेला माणूस संध्याकाळी पिवळा होऊन घरी जातो. पुढे माझंही तेच होणार होतं, पण ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

मला जन्म दिला संध्यानं. केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालेली, पायाला भिंगरी आणि जिभेला धार असलेली पोरगी. गावोगावच्या हातपंपांचं पाणी बाटल्यांत भरून ती एसटीनं हिंगोलीला आणायची. बाटल्या मांडीवर. कंडक्टर विचारायचा, “दारू हाय का काय, ताई?” ती म्हणायची, “व्हय, पिता का?”

प्रयोगशाळेतून निकाल आले, तिनं ते शीटमध्ये भरले. चांगलं पाणी तिथे हिरवा रंग, वाईट तिथे लाल. तळणवाडीच्या वस्तीचा आकडा तिनं दोनदा तपासून टाकला. मला लाल केल्यावर तिनं लगेच फोन लावला.

“अक्का, तुमच्या दारापुढच्या पंपाचं पाणी घरात आणू नको. बाळाला तर थेंब देऊ नको.”

अक्का म्हणजे तिची थोरली बहीण प्रियदर्शनी. त्याच वस्तीत दिलेली. तिचं बाळ दीड-दोन महिन्यांचं, तिला दूध कमी, म्हणून डब्यातली पावडर पाण्यात कालवून पाजायची. फोनमधून मागे तिची सासू सोजराबाई ओरडली, “उकळून देतो म्हणावं! उकळल्यावर काय ऱ्हातंय त्याच्यात?”

“मावशी, उकळल्यानं हे जात न्हाई. पाणी आटतं अन् हे वाढतं.”

“तुजं शिक्षण तुज्यापाशी ठेव. पंपाला लाल पट्टा मारा, मंग मी त्याला शिवणार न्हाई. त्याच्याशिवाय घरापुढचं पाणी सोडून वरच्या आळीत कोण जाईल टोमणे खायला?”

तिचं अगदीच चूक नव्हतं. वरच्या आळीतल्या पंपावरून वस्तीतली बाई हंडा भरून गेली की अजूनही कुणीतरी आधी नळी धुऊन घेतं. सन कुठलं चाललंय ते विचारू नका. तरी पट्टा लागेपर्यंत बाळापुरती कळशी अक्का स्वतः तिथून आणू लागली.

आमच्याकडची पद्धत अशी. पाण्याची तपासणी झाली की धनसिंग पेंटर डबे घेऊन निघतो आणि प्रत्येक पंपाच्या मानेला पट्टा मारतो. हिरवा म्हणजे प्या, लाल म्हणजे फक्त वापरा. वाचता न येणाऱ्या बाईलाही ते कळतं. धनसिंगला कोणता पंप कसा, ते आमच्याकडून कळायचं. म्हणजे संध्याचा फोन काही असो, सोजराबाईची घागर कुठे भरणार ते माझ्या रंगावर ठरायचं होतं.

आणि माझा रंग व्यंकटरावांच्या हातात गेला.

व्यंकटराव संस्थेचे अध्यक्ष. सगळे त्यांना आण्णा म्हणतात. आधी हळदीचे व्यापारी, आता समाजसेवक, पण दोन्हींत बोलण्याची पद्धत एकच: समोरच्याचा माल बघायच्या आधी भाव सांगायचा. त्यांच्या खालोखाल विजूकाका, म्हणजे विजयकुमार. ऑफिसचा जुना माणूस. टाइपरायटरच्या काळापासून आहे, हे तो दिवसातून एकदा तरी सांगतो आणि कीबोर्डवर अजूनही टाइपरायटरसारख्याच बुक्क्या मारतो.

गावोगावचे सरपंच, ग्रामसेवक बोलावून कार्यक्रम ठरला होता. त्यात पडद्यावर निकाल दाखवायचे होते. आण्णांनी पीपीटीचा साचा खास बनवून घेतला होता. पाठीमागे हळकुंडांचा ढीग, वर पिवळी झालर, अक्षरं पिवळसर तपकिरी.

“आपला जिल्हा हळदीचा,” आण्णा म्हणाले. “पडद्यावर हळद दिसली पायजे. पाव्हण्यांना बघताच वाटलं पायजे, हिंगोली!”

“आण्णा, विषय पाण्याचा आहे,” संध्या म्हणाली.

“पाणी काय दिसतंय का पडद्यावर? हळद दिसती.”

तिनं मला स्लाइडवर न्यायला हात पुढे केला तर विजूकाकांनी माउस ओढून घेतला. “सरक. हे आमचं काम हाय. तू बाटल्या धू.”

आता माझ्या जातीचं एक सांगते. आम्हाला शीटमधून उचलून स्लाइडवर टाकलं की आमच्या दोन होतात. एक मागे माहेरी राहते, एक सासरी जाते. सासरी टाकल्याबरोबर कोपऱ्यात एक बारकंसं बटण उमटतं. ते विचारतं, हिला या घराचे रंग घालायचे की हिचे स्वतःचे ठेवायचे? चांगली पद्धत आहे. पोरीचं नाव लग्नात बदलताना एवढंसुद्धा कुणी विचारत नाही. पण विचारून उपयोग काय, उत्तर देणारा विजूकाका असला तर? त्यानं ते बटण डासासारखं झटकलं. काहीच न निवडता पुढे गेलं की आम्ही सासरच्या रंगात जातो.

मी पिवळी झाले.

मी एकटी नाही, सगळ्याच झाल्या. हिरव्या पिवळ्या झाल्या, लाल पिवळ्या झाल्या. एक ओळ गडद पिवळी, एक फिकट, एक गडद, एक फिकट, सतरंजीच्या पट्ट्यांसारखी. पोटातला आकडा आक्रसून मुंगीएवढा झाला. अंगावर कुणीतरी न विचारता थापलेला तो चिकट पिवळा रंग आठवला की अजून मला शिसारी येते.

“वा!” आण्णा म्हणाले. “काय शोभून राहिलं!”

“आण्णा, रंग गेले,” संध्या म्हणाली. “चांगलं कोणतं, वाईट कोणतं, कळतच नाही. द्या इकडं, दोन क्लिकचं काम आहे.”

“आकडे हाईत ना तिथं? रंग काहून पायजे?” विजूकाका.

“आकडे मागच्या खुर्चीवरून दिसणार नाहीत.”

“मागच्या खुर्चीवर कोण बसतंय बघायला? चहा आला की उठत्यात सगळे.” आणि त्यानं पेनड्राइव्ह उपटून खिशात घातला. “आमी टाइपरायटरवर तक्ते काढलेत, पोरी. एक रंग व्हता, काळा. कुणी मेलं न्हाई.”

तोंडात आलेलं संध्यानं गिळलं. बरं दिसलं नसतं म्हणून. मला वाटतं, या जिल्ह्यात बरं दिसण्यापायी जेवढं गिळलं जातं तेवढं तर जेवणसुद्धा गिळलं जात नसेल.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम. मी पडद्यावर, भिंतीएवढी आणि पिवळी. संध्याला काय काम दिलं असेल? तबक धरायचं. सत्काराचं, नारळ आणि शाली ठेवलेलं. एवढी शिकलेली पोरगी, गावोगावचं पाणी तिनं गोळा केलेलं, तिला कोपऱ्यात तबक घेऊन उभी केली आणि भाषणं सुरू झाली. आण्णांचा सत्कार, आण्णांच्या हस्ते दुसऱ्यांचा सत्कार, मग ज्यांचा राहिला त्यांचा. फेट्यांमुळे निम्मा पडदा झाकलेला. पाण्यावर अजून एक शब्द नाही.

शेवटी धनसिंग पेंटर मागून उठला. “साहेब, मला निगायचंय. लाल कोनते, हिरवे कोनते, तेवढं सांगा.”

आण्णा पडद्याकडे वळले. चष्मा वर केला, खाली केला. त्यांनाही काही कळत नव्हतं, ते मला समोरून स्पष्ट दिसत होतं. ‘मला माहीत नाही’ हे तीन शब्द त्या तोंडातून निघाले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. पण माइक हातात असताना ते शब्द कसे निघणार?

“दिसत न्हाई का? गडद ते लाल,” आण्णा म्हणाले. “फिकट ते हिरवे.”

सभागृहात माना हलल्या. कुणी तरी “बराबर” म्हणालं. विजूकाकांनी कागदावर छापलेली तीच स्लाइड धनसिंगच्या हातात दिली.

मी फिकट ओळीत होते.

“आण्णा, चूक आहे ते!” तबक हातात घेऊनच संध्या ओरडली. “ते पट्टे नुसते सजावटीचे आहेत! एकाआड एक!”

“पाव्हणे बसलेत, पोरी,” आण्णा हसत म्हणाले. माइक चालूच होता. “आजकालच्या लेकरांना घाई लई.” सभागृह हसलं. धनसिंगची मोटरसायकल बाहेर सुरू झाली. त्याचं घर कळमनुरीच्या रस्त्याला. तळणवाडी त्याच्या वाटेवरचं पहिलं गाव.

संध्यानं एकदा दाराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग तबक आण्णांच्या समोर टेबलावर आदळलं. नारळ गडगडत खाली गेला. ती सरळ लॅपटॉपपाशी आली, शीट उघडली, मला आणि माझ्या बहिणींना एकत्र उचललं, स्लाइडवर टाकलं. ते बारकं बटण उमटलं. तिनं मूळ रंग ठेवायचं निवडलं.

भिंतीवर मी लाल झाले. माझ्याबरोबर कितीतरी जणी. त्या हळकुंडांच्या ढिगावर आम्ही जखमांसारख्या उमटलो. पुढच्या रांगेतला एक सरपंच म्हणाला, “ऑ? आमचा पंप लाल हाय?”

“व्हय,” संध्या म्हणाली. “आत्ता आण्णांनी तो हिरवा सांगितला.”

“माइक बंद कर, विज्या,” आण्णा दातांतून म्हणाले.

सरपंचांनी तिला गराडा घातला, त्यातून ती पाऊण तास फोन लावत होती. धनसिंग उचलत नव्हता. गाडी चालवताना कोण उचलतं? अक्काला रेंज नव्हती, तिचा शेवटी लागला. लॅपटॉप तिच्यासमोर उघडाच होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

“अक्का, पेंटर आला का? ... आला? ... हिरवा? अक्का, ते चूक आहे. मावशी कुठायत?”

पलीकडून प्रियदर्शनी कुजबुजली. “त्या खूस झाल्यात गं. पट्टा ओला हाय तवाच घागर भरून आणली. चुलीवर पाणी ठिवलंय. बाटली धुवून राहिल्यात.”

“ओतून दे ते.”

“त्या चुलीपुढंच बसल्यात.”

“मग त्यांच्यासमोर ओत! अक्का, आयुष्यात एकदा ऐकणं सोड त्यांचं!”

फोनमधून काहीतरी आपटल्याचा आवाज आला, निखाऱ्यांवर पाणी पडल्यावर होतो तसा चर्रर्र आवाज आला आणि मग सोजराबाईंच्या शिव्या. इतक्या गोड शिव्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. संध्यानं डोळे पुसले, पर्स उचलली आणि निघाली. दारात विजूकाका आडवा आला. “अगं, आभारप्रदर्शन राहिलंय.”

“करा तुम्ही,” ती म्हणाली. “टाइपरायटरवर.”

पुढचं मी पाहिलेलं नाही. डेपोसमोरच्या दुकानातून तिनं लाल रंगाचा डबा आणि ब्रश घेतला, एसटीनं तळणवाडीला गेली, एवढं मागाहून कळलं. परत आल्यावर तिनं माझ्या उजवीकडच्या रिकाम्या चौकटीत एक फोटो लावला. हातपंपाचा. मानेवरच्या हिरव्या पट्ट्यावर लाल रंग फासलेला, ओघळ खाली हँडलपर्यंत आलेले. धनसिंगचा पट्टा सरळ असतो, हा अगदी वेडावाकडा आहे. पंपापाशी सोजराबाई उभी आहे, रिकामी घागर कमरेला, चेहऱ्यावर सगळ्या जगाचा राग. मागे दारात प्रियदर्शनी, खांद्यावर बाळ. बाळाचं तोंड दिसत नाही, नुसती वळलेली मूठ दिसते.

मी त्या पंपाकडे रोज बघते. तो वेडावाकडा लाल पट्टा म्हणजे माझीच थोरली बहीण.

बाकीच्या गावांना फोन करून सगळे पट्टे पुन्हा मारून घेतले. धनसिंग दोनदा फिरला, वैतागला, पण फिरला. आण्णांनी मात्र चूक मानली नाही. बैठकीत म्हणाले, “कुणाची चूक न्हाई. कंप्युटरनं रंग खाल्ले.” मी काही खाल्लं नाही. बटणानं विचारलं होतं, तुम्ही उत्तर दिलं नाही. आणि कार्यक्रमाचा जो अहवाल विजूकाकांनी ग्रुपवर टाकला त्यात तीच पिवळी स्लाइड आहे. खाली हात जोडलेली चित्रं आणि फुलं. ‘अतिशय सुंदर सादरीकरण’ असं कुणीतरी लिहिलंय. तिथली मी अजून पिवळी आहे आणि मरेपर्यंत पिवळीच राहणार, कारण ग्रुपवरचं कुणी पुसत नाही.

संध्या अजून याच ऑफिसात आहे. तिनं शीटचा पासवर्ड बदललाय. विजूकाका रोज विचारतो, ती रोज “सांगते” म्हणते.

वाचणाऱ्या बाई, वाचणाऱ्या बापा, माझी तुमच्याकडे मोठी मागणी नाही. मला कुठेही न्या. मोठ्या पडद्यावर न्या, कागदावर छापा, फुलांच्या झालरीत बसवा. फक्त टाकल्यावर ते बारकं बटण उमटेल तेव्हा क्षणभर थांबा. मी लाल आहे ती शोभेसाठी नाही. तळणवाडीत एक म्हातारी आहे, जी कुणाचंच ऐकत नाही, फक्त माझा रंग बघते. आज ती शिव्या देत वरच्या आळीत पाण्याला गेली असेल. जाऊ द्या तिला. मला लालच राहू द्या.