राणीमाशीची सोयरीक

इंझोरीचा देवमन सोयरिकी जमवण्यात पटाईत. मुलामुलीचं आडनाव एक निघालं, की हा चहा अर्धा टाकून उठायचा. एवढा चोखंदळ माणूस, पण मधमाश्यांच्या बाबतीत साफ आंधळा निघाला, त्याला कोण काय करणार!

त्याच्या तीन पेट्यांपैकी दोन तांबड्या बारीक किड्यांनी खाल्ल्या. हे किडे माशीच्या अंगाला गोचिडासारखे चिकटतात. उरली एक पेटी, आणि तिच्यात नुकतीच जन्मलेली, बिनलग्नाची राणी. हीही पेटी गेली तर संपलंच, या धास्तीनं देवमन दिवसातून दहादा पेटी उघडून बघू लागला.

मग त्यानं आपला हातखंडा वापरला. त्याच पेटीतला एक धष्टपुष्ट नर निवडला, दोघांना आगपेटीत कोंडलं आणि वरून हळदीचं बोट लावलं. तीन दिवस नवरदेव नुसता मध चाटत बसला.

चौथ्या दिवशी अनसिंगच्या गोमतीबाई आल्या. त्यांच्याही माश्यांना किडे लागत, पण टिकत नसत. त्यांनी आगपेटीत डोकावून पाहिलं.

"देवमनभाऊ, नवरदेव कोठचा?"

"घरचाच हाये. खानदानी."

"म्हंजे हिचा भाऊ! एका पेटीतले सगळे एकाच मायचे. एका आडनावाले तुमी उठून जाता, अन् इथं बहीणभावाचं लगन लावून राह्यले?"

देवमनचं तोंड एवढंसं झालं.

"सोडा तिले. हवेत उडूनच लगन करते ते. दहा-पंधरा नवरे, गावोगावचे."

"पंधरा? अन् माह्या पेटीची इज्जत?"

"इज्जत चाटता काय? पंधरा बापाच्या लेकी पंधरा गुणाच्या. कोणी ना कोणी किडे चावून काढतेच. एका बापाच्या असल्या, तं सगळ्या संगंच मरतात."

देवमननं राणीला पेटीत सोडलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती उडाली. हा पेटीपुढे येरझारा घालत राहिला. अर्ध्या तासानं ती परतली, तेव्हा त्याला रडूच फुटलं.

दोन महिन्यांनी पेटी माश्यांनी गजबजली. तळाशी पाय तोडलेले किडे पडले होते. देवमनला आभाळ ठेंगणं झालं.

त्याच आठवड्यात जऊळक्याला एका मुलीच्या बघण्याच्या कार्यक्रमात त्यानं छाती फुगवून सांगितलं, "पंधरा जावई केले म्या. मानपानावरून एकही रुसला नाही!"

"असं कसं?" मुलानं विचारलं.

"लगन लागलं का जागीच मरतात ना."

मुलगा चहा अर्धा टाकून उठला.