शकुनचं सिम

अकोल्याच्या त्या हॉलमध्ये दीपमाला तिसऱ्या रांगेत बसली होती. आता आपलं नाव येईल, मग येईल, म्हणून तिचे कान मंचाकडे लागले होते. मंचावर तिची मैत्रीण रागिणी बोलत होती. शकुन मसाले या नावाची पुडी वऱ्हाडात कुणाच्या घरी नाही? त्या घरची ही सून. शकुन हे तिच्या सासूचं नाव. हॉल भरला होता तो गावोगाव घरोघरी फिरून मसाला विकणाऱ्या बायांनी.

"मिरची काही आपण पिकवत नाई," रागिणी सांगत होती. "ते शेतकऱ्यापासून घेतो, कांडतो, अन् आपल्या नावाच्या पुडीत भरतो. मोबाईलचंही तसंच. टॉवर आपले नाईत. मोठ्या कंपनीकडून बोलायची मिनिटं अन् इंटरनेट आपण ठोक भावानं घेतलं, सरकारचा परवाना काढला, अन् आपल्या बायांले काय पायजे ते पाहून आपला प्लॅन केला. मसाल्याच्या पुडीत कूपन निघंल, त्याच्यावर इंटरनेट फुकट. सिमवर नाव शकुनचं, अन् तक्रारीचा फोन उचलनारी बाईही शकुनचीच!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. दीपमालानंही टाळ्या वाजवल्या. पण हे मिरचीचं वाक्य तिचं होतं.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी दोघी अकोल्यात एका बड्या मोबाईल कंपनीच्या सेवा केंद्रात एकाच दिवशी कामाला लागल्या होत्या. चिडलेलं गिऱ्हाईक समोर आलं की रागिणीची बोबडी वळायची. मग दीपमाला शेजारच्या खिडकीतून चिठ्ठीवर उत्तर लिहून सरकवायची. पुढे रागिणीचं अश्विनशी लग्न झालं, ती मसाल्याच्या घरात गेली. दीपमालाचं लग्न सुगतशी झालं, तो अमरावतीला शिक्षक. तिनं बदली करून घेतली आणि राजापेठेतल्या केंद्रात बसायला लागली, ती आजपर्यंत. चार वर्षांपूर्वी ती रागिणीकडे जेवायला गेली होती. विकणाऱ्या बाया टिकत नाहीत म्हणून रागिणी रडगाणं गात होती. भाकरी मोडता मोडता दीपमाला म्हणाली होती, "मिरची कुठं तुमच्या घरची हाय व? तसेच मिनिटं घ्या ठोकानं, अन् शकुनचं सिम काढा. टॉवर नसला तरी चालते. बाया कुठं जात नाईत मंग." रागिणी तेव्हा खो खो हसली होती.

आता तीच रागिणी मंचावर सगळ्यांचे आभार मानत होती. सासूचे, अश्विनचे, बिलाचं तंत्र सांभाळणाऱ्या पुण्याच्या कंपनीचे. इतकंच काय, मंडपवाल्याचेही. दीपमालाचं नाव काही आलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर रागिणी गर्दीतून वाट काढत आली आणि तिनं दीपमालाचे दोन्ही हात धरले. "दीपे, तू ये न माह्याकडे! तक्रारीचं सगळं खातं तूच सांभाळ. तुह्यासारखं कोनाले जमनार हाय?"

"पाहू," दीपमाला म्हणाली. "सध्या सुट्टी नाई भेटत."

परतीच्या एसटीत सुगतनं विचारलं, "काहून गप्प हायेस?"

"काही नाई."

मूर्तिजापूर मागे पडलं तशी ती बोलली. "ते मिरचीचं माहं होतं. मी बोलली होती तिले."

"मंग तिले सांगतलं काहून नाई?"

"मी काहून सांगू? तिले समजत नाई?"

सुगतनं खिडकीबाहेर बघितलं. अशा वेळी बोलून उपयोग नसतो हे त्याला ठाऊक होतं.

दिवाळी झाली आणि शकुनची सिमं जिकडेतिकडे दिसायला लागली. एका सोमवारी राजापेठेतल्या खिडकीशी आशाबाई नावाची एक बाई आली. शाळेत खिचडी शिजवायची. मोबाईल पुढे करून म्हणाली, "मॅडम, याच्यात माहा जुना नंबर कसा आनाचा?"

दीपमालानं बघितलं. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात, जिथं कंपनीचं नाव येतं तिथं, लिहिलं होतं शकुन.

"त्यायच्याच मानसाले इचारा."

"पन टॉवर तर तुमचाच हाय म्हनतात."

"टॉवर आमचा हाय, सिम त्यायचं हाय," ती इतक्या जोरात म्हणाली की शेजारच्या खिडकीतली मंजुषा वळून बघायला लागली. सोळा वर्षांत असा आवाज तिनं गिऱ्हाइकावर चढवला नव्हता. आशाबाई खाली मान घालून निघून गेली.

ईर्ष्या ही खाजेसारखी असते, खाजवलं की बरं वाटतं आणि मग जास्तच चढते. जेवणाच्या सुट्टीत दीपमाला मोबाईलवर शकुनबद्दल लोक काय लिहितात ते वाचत बसे. कुणी "इंटरनेट हळू चालते" असं लिहिलं की तिला घास गोड लागे. कुणी "फोन लगेच उचलतात, ताई लई चांगल्या बोलतात" असं लिहिलं की डबा तसाच परत जाई. पेपरात रागिणीचा फोटो आला, 'अकोल्याची सून, मोबाईलमध्ये धून' अशा काहीतरी मथळ्याखाली. मंजुषा कौतुकानं म्हणाली, "तुमची मैत्रीण न, ताई?" दीपमाला म्हणाली, "होती."

डिसेंबरात तिच्या आईचा फोन आला. चतुराबाई अंजनगाव सुर्जीच्या पुढे खैरखेड्यात एकटीच राहायची. गाव डोंगराच्या पायथ्याशी. तीन एकर वावर अगदी डोंगराला लागून, त्यात कपाशी आणि तूर. दोन वर्षांपासून ती शकुनचा मसालाही विकायची.

"दीपा, मी तुह्या मैतरनीचं सिम घेतलं व! नंबर तोच ठेवला. परवा चालू झालं. वरतं नाव येते शकुन म्हनून. आता पुडीतल्या कूपनावर तुह्यासंगं चेहरा पाहून बोलीन मी."

दीपमालाच्या डोक्यात एक गोष्ट लख्ख उभी राहिली होती. खैरखेड्यात तिच्या कंपनीचा टॉवर गावापुरता चालतो. घरात सिग्नलच्या पूर्ण काड्या दिसतात. पण डोंगराखालच्या वावरात गेलं की काहीच लागत नाही. त्या गावच्या तक्रारी तिनं स्वतः कितीदा नोंदवल्या होत्या. म्हणून तर आईला तिनं आपल्या कंपनीचं सोडून दुसऱ्याच कंपनीचं सिम घेऊन दिलं होतं. आणि शकुन चालतं ते याच टॉवरवर.

सांगायला चार शब्द पुरले असते. माय, ते वावरात लागनार नाई.

"तुले आवडलं न?" तिनं विचारलं.

"लई मस्त हाय. रागिनीनं बायांसाठी लई केलं बाप्पा. कोन करते एवढं?"

हे ऐकलं आणि दीपमालाच्या ओठावर आलेले चार शब्द परत फिरले. बंद पडू दे, तिनं मनात म्हटलं. पडू दे बंद, अन् मंग सगळे मले इचारतीन. "चांगलं झालं," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

पंधरा दिवसांनी, एका मंगळवारी, चतुराबाई कपाशी वेचायला एकटीच वावरात गेली. दुपारी बांधावरून उतरताना पाय घसरला आणि ती खाली पडली. डावा पाय मोडला. उठता येईना. मोबाईल कमरेला होता. तिनं दीपमालाला लावला, मग भावाला, श्रावणला. शेवटी सरपंचालाही लावून पाहिला. फोन नुसताच गप्प. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं होतं, ते तिला वाचता येत नव्हतं. फक्त तातडीचा फोन लागेल, असं ते होतं. ११२ दाबलं असतं तर दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून कदाचित लागलाही असता. पण ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. जिनं सांगायचं ती पोरगी गप्प बसली होती.

दिवस बुडताना गावातली बेबीताई शेळ्या घेऊन तिकडून निघाली, तिनं कण्हणं ऐकलं. बेबीताईचा मोबाईल दुसऱ्या कंपनीचा होता. तिचा फोन लागला.

दीपमाला अमरावतीच्या दवाखान्यात पोचली तेव्हा आईच्या पायाला फळी बांधली होती. चेहरा उन्हानं काळवंडला होता, ओठ फुटले होते.

"किती डाव लावला व मी तुले," चतुराबाई म्हणाली. "तू काही उचलेच ना. मंग समजलं, तो लागतच नोता."

शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या दिवशी सुगत चहा आणायला गेला तेव्हा दीपमाला खाटेजवळ खाली बसली.

"माय, मले माईत होतं. ते सिम वावरात लागनार नाई हे मले माईत होतं."

चतुराबाईला आधी समजलंच नाही. "काय माईत होतं?"

"तू फोन केला होता न, त्याच दिवशी."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"जळली मी रागिनीवर."

चतुराबाईनं तोंड भिंतीकडे वळवलं. संध्याकाळी तहान लागली तेव्हा तिनं पाणी सुगतला मागितलं. दीपमाला हाताशी होती, तांब्याही तिच्याच जवळ होता.

दुसऱ्या दिवशी रागिणी डबा घेऊन आली. आपल्या एका विक्रेतीचा अपघात झाला एवढंच तिला कळलं होतं. ती कुणाची आई आहे हे तिला दवाखान्यात समजलं. दीपमालानं तिला बाहेरच्या व्हरांड्यात नेलं आणि सगळं सांगून टाकलं.

रागिणीचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "एक फोन नाई केला तू मले? सोळा वर्षं तू हेच करून राहिली. कुठं टॉवर पोचते अन् कुठं नाई, तुले पाठ हाय. मले काय समजते त्यातलं? आमाले कंपनीनं नकाशा देल्ला, त्यात सगळं हिरवंच होतं!"

"अन् तू?" दीपमालाचा आवाज फुटला. "भर हॉलात मंडपवाल्याचं नाव घेतलं तू. माहं घेतलं? मिरचीचं वाक्य कोनाचं होतं? तुह्या घरी जेवता जेवता कोन बोललं होतं?"

रागिणी आठवण्याचा प्रयत्न करतेय हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"तू बोलली होती?" ती हळूच म्हणाली. "नाई आठवत दीपा. आईची शपथ, नाई आठवत. मले वाटे मलेच सुचलं."

रागिणी नाकबूल गेली असती तर काय बोलायचं, हे दीपमालानं तीन महिने घोकून ठेवलं होतं. ती विसरली असेल हे मात्र तिच्या मनातही आलं नव्हतं. एवढ्या आगीत ती एकटीच होरपळत होती आणि पलीकडे कुणी काडीही ओढली नव्हती. तिला हसू येईना, रडू येईना.

"किती गावं हायेत अशी?" रागिणीनं विचारलं.

"मोजा लागतीन."

मग दोन रविवार दीपमालानं घरी बसून यादी केली. केंद्रातला एक कागदही तिनं घेतला नाही, सोळा वर्षांच्या तक्रारी तिच्या डोक्यातच होत्या. गावात लागतं पण वावरात लागत नाही अशी गावं सदतीस निघाली. ती यादी घेऊन ती अकोल्याला गेली. तिथं अश्विन भडकला. आत्ताच तर धंदा उभा राहतोय, आणि सदतीस गावांत विक्री बंद करायची? लोक हसतील. रागिणीनं त्याला समोर बसवलं. "एक बाई दिवस बुडेपर्यंत मोडल्या पायानं पडून राहिली," ती म्हणाली. "पुडीवर अन् सिमवर नाव तुह्या आईचं हाय."

विक्री थांबली. ज्यांनी सिमं घेतली होती त्यांना घरोघर जाऊन सांगितलं गेलं. काही बायांनी रागिणीला तोंडावर शिव्या घातल्या, त्या तिनं ऐकून घेतल्या. पेपरात या वेळी विक्री थांबल्याची बातमी आली, तिच्यात रागिणीचा फोटो नव्हता. दीपमालानं ते वाचलं आणि तिला बरं वाटलं. बरं वाटलं याची लाजही वाटली.

रागिणीनं कामाचं दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा दीपमालानं एकच अट घातली. "सिम कुठं विकाचं अन् कुठं नाई, हे मी सांगीन. त्यात अश्विनभाऊंनीही बोलाचं नाई." चौदा एप्रिलची जयंती झाल्यावर तिनं राजापेठेतली खिडकी सोडली. नवा नियम पहिल्याच आठवड्यात झाला. सिम विकण्याआधी ते दोन दिवस वापरायला द्यायचं, आणि घरात नाही तर वावरात नेऊन बघायचं.

पहिलं गाव तिनं खैरखेडं घेतलं. चतुराबाई एव्हाना काठीवर चालायला लागली होती आणि पोरीशी कामापुरतं बोलायला लागली होती. वावरात टाकलेल्या बाजेवर बसून ती बघत होती आणि दीपमाला चार कंपन्यांचे चार मोबाईल घेऊन वावरभर फिरत होती. कुठं किती काड्या येतात ते वहीत लिहीत होती. शकुनवाला मोबाईल तुरीच्या कडेपर्यंत चालला, पुढे मेला.

"वरतं नाव दिसून राहिलं का?" चतुराबाईनं ओरडून विचारलं.

"दिसून राहिलं."

"अजून जळते का?"

दीपमाला थांबली. आईशी खोटं बोलायचं आता तिच्यात उरलं नव्हतं. "जळते," ती म्हणाली. "पहिल्यासारखं नाई. पन जळते."

चतुराबाईनं मान हलवली. जुन्या कंपनीचं सिमही मोबाईलात घालून दे, म्हणाली. एक धंद्याचं, एक जिवाचं. मग काठीनं डोंगराकडची बाजू दाखवत म्हणाली, "तिकडचं राहिलं पाह्याचं. बांधावरून जाजो, पन पाय पाहून टाकजो."

दीपमाला चारही मोबाईल सांभाळत बांधाकडे निघाली.