अकरा गावांचं वर्ष

आमची लेक तिच्या सासरी कौतुकानं सांगते, "आईबाबा साठीला टेकल्यावर वर्षभर हिंडले. अकरा गावं! याला म्हणतात जोडी." विहीणबाई माझ्याकडे बघतात, मी हसते. आता त्यांना काय सांगू? त्या वर्षातले पहिले चार महिने सोडले, तर ज्या दिवशी मी घाबरले नाही असा एकही दिवस मला आठवत नाही.

हे लिफ्टचे मिस्त्री. बत्तीस वर्षं एकाच कंपनीत. त्या वर्षी कंपनीनं जुन्या लिफ्टांच्या तपासणीचं काम घेतलं आणि यांच्या हातात अकरा गावांची यादी दिली. एकेका गावात महिनाभर मुक्काम. मी नेमकी तेव्हाच हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावरून निवृत्त झाले होते. ज्या माणसानं मला लग्नानंतर धड बाजारातसुद्धा सोबत नेलं नव्हतं, तो एका सकाळी बूट घालता घालता म्हणाला, "तूही चल."

"कुठे?"

"सगळीकडेच."

वन्सं म्हणाल्या, "म्हातारचळ म्हणतात तो हाच, वहिनी. संधी सोडू नका." मी दोन पिशव्यांत संसार भरला आणि निघाले.

पहिलं गाव बंदराचं. खोली एका चांभाराच्या दुकानावर होती, पांघरुणालासुद्धा चामड्याचा वास यायचा. भिंतीवरच्या आरशात एका वेळी निम्मंच तोंड दिसायचं. पण मी खुशीत होते. संध्याकाळी आम्ही धक्क्यावर जाऊन बसायचो आणि बोटींवरची नावं वाचायचो. एकदा यांनी माझ्यासाठी टोपी घेतली. ती वाऱ्यानं पाण्यात गेली, तर दुसरी घेतली!

एकच गोष्ट मला नवी होती. हे मला कामावर बोलवायचे. "जेवण घेऊन ये आणि बसून राहा." मी जिन्याच्या चौकात स्टुलावर बसायची. समोर लिफ्टचं दार पाचर मारून उघडं ठेवलेलं, आणि हे आत, केबिनच्या टपावर उभे राहून काम करत. आतला काळोख, तेलकट दोर, खालून येणारी गार हवा. मी एकदाच वाकून खाली पाहिलं, पुढे सातव्या गावापर्यंत परत पाहिलं नाही.

"बोलत राहा," हे म्हणायचे.

"काय बोलू?"

"काहीही. मधेच मला हाक मार. आणि मी ओ दिली नाही, तर पहिलं वर जाऊन मेन स्विच बंद. मग काय आरडाओरडा करायचा तो कर."

मशीनची खोली कुठे, मेन स्विच कुठला, हे प्रत्येक इमारतीत त्यांनी मला आधी दाखवलं. मला वाटलं, काळजीनं शिकवतायत. सव्वीस वर्षं मी बोर्डावर परक्यांशी बोलण्यात घालवली होती. आता माझं बोलणं ऐकायला नवरा होता. मी सुटले. शेजारणी, बोर्डावरच्या मैत्रिणी, लेकीचं बाळंतपण, काही सोडलं नाही.

पाचव्या गावात एका दुपारी मी बोलता बोलता विचारलं, "ऐकताय ना?" उत्तर नाही. मी पुन्हा विचारलं. मग आतून आवाज आला, "काय म्हणालीस?"

"कुठे होतात?"

"मशीनच्या आवाजात ऐकू आलं नाही गं."

मशीन बंद होतं. अर्ध्या तासापासून बंद होतं.

त्या क्षणी जी भीती बसली ती पुढे कधी पुरती गेली नाही. मग मागचं सगळं दिसायला लागलं. चौथ्या गावात यांच्या हातून चहाचा कप सुटला होता आणि हे फुटलेल्या कपाकडे असे पाहत राहिले, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. जिन्यात मधेच थांबून खिडकीतून "बघ काय छान दिसतंय" म्हणायचे, आणि बाहेर नुसती गटाराची भिंत. न्हाणीघराची कडी लावायची नाही, असा नवा नियम केला होता. दाढी खुर्चीवर बसून.

विचारावं तर जीभ उचलेना. विचारलं आणि हे खरं बोलले तर? मी झोपेत यांचा श्वास ऐकायची, रस्ता ओलांडताना बाही धरायची. सहाव्या गावात एक उंच बुरूज होता. यांना वर जायचंच होतं. मी दोन्ही हातांनी पाठीमागून यांचा पट्टा घट्ट धरला. कुणीतरी आमचा फोटो काढला. लेकीनं तो मोठा करून दिवाणखान्यात लावलाय. "आई, किती बिलगून उभी आहेस गं!"

सातवं गाव थंडीचं. आठ मजल्यांची जुनी इमारत, सगळी ऑफिसं. पहारेकरी म्हातारा, राखाडी स्वेटरातला, एका कानानं बहिरा. लिफ्ट अडकली की वर जाऊन खटका मारून ती चालू करायची, हे त्याचं रोजचं काम, आणि त्याला त्याचा मोठा अभिमान. त्या सकाळी हे पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मधे केबिनवर होते. मी सहाव्यावर बसून मावशीच्या भांडणाची गोष्ट सांगत होते.

"मग ती म्हणाली, चावी माझ्याकडेच राहणार. अहो, ऐकताय ना?"

काही नाही.

"अहो!"

मी उठून दारातून खाली पाहिलं. बॅटरी आडवी पडून भिंतीवर उजेड पाडत होती. हे दोरांना टेकून बसल्यासारखे कलंडले होते, मान छातीवर. एक पाय टपाच्या कडेवरून बाहेर लोंबत होता. त्याखाली पाच मजले.

खाली लोक लिफ्टचं दार बडवत होते. "किती वेळ? चालू करा की!" आणि माझ्या डोक्यावरून पावलं गेली. फरफट फरफट, सावकाश. लिफ्ट नेहमीसारखी अडकली असं समजून पहारेकरी मशीनच्या खोलीकडे निघाला होता.

मला यांचा हात धरायचा होता. तो हाती लागण्यासारखा नव्हता, तरी धरायचा होता. यांना तसंच सोडून पाठ फिरवणं, त्याइतकं अवघड मी जन्मात काही केलं नाही. पण मी पळाले. गुडघे दुखणारी बाई मी, इतके जिने कशी चढले देव जाणे. पहारेकरी खोलीत शिरला होता, हात खटक्यावर होता. मी त्याच्या मनगटावर सरळ फटका मारला.

"अहो बाई, काय करताय!"

"माणूस आहे! लिफ्टच्या टपावर माणूस आहे!"

"आँ? कुठे?"

मी त्याला ढकलून मेन स्विच खाली ओढला. खोलीतली घरघर थांबली. मग परत खाली. प्रत्येक पायरीला मला वाटत होतं, आता तो आवाज येणार. कसला, ते मी मनातसुद्धा येऊ दिलं नाही.

दारातून पाहिलं तर हे डोळे उघडून बसले होते. "काय म्हणालीस? चावी कुणाकडे?"

"पाय आत घ्या," मी म्हटलं. माझा आवाज बोर्डावरचा झाला होता, सपाट. "आता दोर धरा. हळू. माझ्याकडे या."

बाहेर आल्यावर हे जमिनीवर बसले आणि कितीतरी वेळ आपले हात बघत राहिले. मग म्हणाले, "टपावरचं लाल बटण मी दाबलंच नव्हतं. ते दाबलेलं असलं की कुणी काही केलं तरी लिफ्ट हलत नाही. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा विसरलो."

खोलीवर गेल्यावर सगळं बाहेर आलं. निघण्याच्या महिनाभर आधी हे घरीच शिडीवर असताना डोळ्यांपुढे अंधार आला होता. मग बसमध्ये. मग पाचव्या गावात दोनदा.

"डॉक्टरकडे का नाही गेलात?"

"त्यांनी घरी बसवलं असतं."

"म्हणून मला आणलंत? फिरायला म्हणून?"

"फिरलो की आपण," हे म्हणाले. मग खालच्या आवाजात, "एकटं जायची भीती वाटत होती गं."

मला रडू यायला हवं होतं. मी इतकी चिडले होते की कपाट उघडून कपडे पिशवीत कोंबत सुटले. सहा महिने मी यांच्या जिवाची राखण केली, आणि मला ते ठाऊकसुद्धा नव्हतं! त्या दुपारी मी माझ्या जुन्या हॉस्पिटलला फोन लावला. हृदयाच्या डॉक्टरांचा अंतर्गत नंबर मला झोपेतसुद्धा पाठ होता. तिसऱ्या दिवशी यांच्या छातीला वायरी लागल्या. डॉक्टरांनी कागदाची लांब पट्टी दाखवली. ठोके, ठोके, आणि मग सरळ रेघ.

"सात सेकंद," ते म्हणाले. "हे तेव्हा बसून होते म्हणून यांना कळलं नाही. काम काय करतात?"

मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

पेसमेकर बसवला. दीड महिन्यानं आम्ही उरलेल्या चार गावांना गेलो. आता लिफ्टच्या पोकळीत दुसरा मिस्त्री उतरायचा, हे खाली टेबलाशी बसून कागद भरायचे. धोका टळला होता. आणि खरं सांगते, मी सगळ्यात जास्त घाबरले ती याच चार गावांत. आधी निदान काय होणार ते माहीत नव्हतं. आता डोळे मिटले की ती रेघ दिसायची. तळ्याकाठी हे बाकावर गप्प बसले तरी मी म्हणायची, "बोला काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही."

घरी येऊन आता दोन वर्षं झाली. हे कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नव्या लोकांना शिकवतात, तब्येत माझ्यापेक्षा बरी आहे. परवा जेवताना मी अखेर विचारलं, "त्या दिवशी मी येत नाही म्हटलं असतं तर?"

यांनी घास चावून गिळला, पाणी प्यायलं.

"तरी गेलो असतो," म्हणाले.

मी भाजीचं भांडं उचलून आत गेले. ओट्याशी उभी राहिले, आणि तिथूनच हाक मारली, "अहो?"

"काय गं?"

"काही नाही. जेवा."